मधले वर्ष

श्रोतेहो, घरात तीन भावंडे असली म्हणजे थोरल्याला मान मिळतो, धाकट्याचे लाड होतात आणि मधल्याच्या वाट्याला थोरल्याचा जुना सदरा तेवढा येतो. शाळेच्या वर्षांचेही काहीसे असेच आहे. माध्यमिक शाळेत नुकत्याच आलेल्या मुलाचे कौतुक होते. दहावीच्या मुलाची तर घरात, शाळेत, गावात सगळीकडे विचारपूस चालते. पण नववीतल्या मुलाला कोणी काही विचारीत नाही. विचारले तरी एवढेच, की "पुढच्या वर्षी दहावी ना रे?" म्हणजे बघा, त्या बिचाऱ्याचे चालू वर्ष हे जणू वर्षच नव्हे!

आज मी आपणांशी बोलणार आहे ते अशाच एका मधल्या वर्षाविषयी, पण ते वर्ष आपल्याकडचे नव्हे. ते आहे अमेरिकेतल्या एका खेडेवजा गावच्या हायस्कुलातले. तिथल्या गोष्टी मला कशा कळल्या हे आधी सांगतो. माझे मेहुणे डॉक्टर आहेत. अमेरिकेत लहान गावांतून डॉक्टरांची वाण असते, म्हणून परदेशांतून आलेल्या पुष्कळ डॉक्टरांना प्रथम अशा गावीच काम करावे लागते. मेहुणे कॅन्सस राज्यातल्या एका लहान गावी गेले आणि त्यांच्याबरोबर माझी बहीण आणि भाचीही गेली. आमच्या आईला फोनच्या पडद्यावरचे बारीक अक्षर वाचवत नाही. म्हणून भाची तिला कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत पत्रे लिहिते. ती पत्रे आईला वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आहे. वाचता वाचता माझीच शाळा झाली, असे म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेत हायस्कूल चार वर्षांचे असते. नववी, दहावी, अकरावी आणि बारावी. या चार वर्षांना चार नावे आहेत. नववीचा विद्यार्थी फ्रेशमन, दहावीचा सोफोमोर, अकरावीचा ज्युनिअर आणि बारावीचा सीनिअर. यातले सोफोमोर हे नाव मोठे गमतीचे आहे. लोक त्याची फोड दोन ग्रीक शब्दांत करतात, एकाचा अर्थ शहाणा आणि दुसऱ्याचा मूर्ख. भाषेचे अभ्यासक म्हणतात की हा शब्द मुळात वादविवादाच्या सरावाशी जोडलेल्या एका जुन्या शब्दावरून आला आणि ग्रीक फोड त्याला मागाहून चिकटली. ते काही असो, लोकांना ती फोड आवडली, कारण ती त्या वयाला लागू पडते. आपल्या समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पढतमूर्खाची लक्षणे सांगण्यासाठी एक सबंध समास खर्ची घातला आहे, तो शिक्षकमंडळींना आठवत असेल. पंधरा वर्षांच्या मुलाला थोडे कळू लागलेले असते आणि सगळे कळले असे वाटत असते. तर सोफोमोर म्हणजे हा.

आता तिथली दहावी आणि आपली दहावी यांत मुळातच एक फरक आहे. आपल्याकडे १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. त्यापूर्वी अकरावीला मॅट्रिक होती. तेव्हापासून दहावी म्हणजे उंबरठा. तिथे दहावीच्या शेवटी अशी कोणतीही परीक्षा नसते. ते चारांतले दुसरे वर्ष, म्हणून ते आपल्या नववीसारखे मधले. पण परीक्षा नाही म्हणजे हिशेब नाही, असे मात्र समजू नका. तिथे प्रत्येक विषयाचे वर्षभराचे काम पुरे केले की एक गुणांक पदरात पडतो. १९०६ साली कार्नेगी प्रतिष्ठानाने याचे माप ठरवून दिले, एका विषयाचे वर्षाकाठी सुमारे १२० तासांचे अध्यापन. असे वीसच्या आगेमागे गुणांक चार वर्षांत जमवायचे. नेमका आकडा राज्याराज्यांत निराळा असतो. थेंबे थेंबे तळे साचते, हा त्यातला हिशेब. घरचा अभ्यास, आठवड्याची चाचणी, प्रयोगाची वही, वर्गात वाचून दाखवलेला निबंध या सगळ्याची नोंद होत जाते आणि पुढे कॉलेजात जाताना ती नोंद पाहिली जाते.

भाचीच्या पहिल्या पत्रात तिच्या दिवसाचे वर्णन होते. सकाळी आठला शाळा भरते आणि तीनच्या सुमारास सुटते. आपल्याकडे मुले वर्गात बसून राहतात आणि शिक्षक येतात-जातात. तिथे शिक्षक आपापल्या खोलीत असतात आणि घंटा झाली की मुले या खोलीतून त्या खोलीत पळतात. तिचे विषय होते इंग्रजी, भूमिती, जीवशास्त्र, जगाचा इतिहास, स्पॅनिश भाषा, शारीरिक शिक्षण आणि आपल्या पसंतीचे दोन. त्या दोनांपैकी एक तिने बँड घेतला आणि दुसरा, काय सांगता, शेती! डॉक्टरांच्या मुलीने शेती हा विषय घ्यावा याचे मला नवल वाटले. आईला मात्र काहीच नवल वाटले नाही. ती म्हणाली, "आपल्या घरात तिच्या पणजोबांपर्यंत दुसरा विषय होता कुठे?"

शेतीशिक्षणाची ही व्यवस्था आपल्या ग्रामीण श्रोत्यांनी ऐकण्यासारखी आहे. १९१७ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने एक कायदा करून हायस्कुलांतील शेतीच्या आणि इतर धंदेशिक्षणाला पैसा देऊ केला. पुढे १९२८ साली कॅन्सस सिटी या शहरात भावी शेतकऱ्यांची एक संघटना स्थापन झाली. एफ. एफ. ए. या नावाने ती ओळखली जाते. निळ्या जाड कापडाचा कोट ही तिची खूण. प्रारंभी मुलींना तिच्यात प्रवेश नव्हता, तो १९६९ मध्ये मिळाला. आज तिची सदस्यसंख्या दहा लाखांच्या घरात आहे. या विषयाचे तीन भाग असतात. वर्गात शिकायचे, संघटनेत वावरायचे आणि घरी स्वतःच्या जबाबदारीवर काहीतरी पाळायचे, पिकवायचे किंवा दुरुस्त करायचे. कोणी वासरू पाळतो, कोणी चार गुंठ्यांत मका लावतो. त्याचा जमाखर्च मुलाने स्वतः ठेवायचा आणि गुरुजींनी घरी येऊन तो पाहायचा.

भाचीने सहा कोंबड्या पाळल्या. खाद्याला किती डॉलर, अंडी किती, विकली किती, घरात खाल्ली किती, सगळे वहीत. एका पत्रात तिने मोठ्या काळजीने लिहिले, की एक कोंबडी जागची हलत नाही, अंडी देत नाही, जवळ गेले की अंगावर येते. हिला काय झाले असेल? पत्र ऐकताच आई म्हणाली, "अगं बाई, खुडूक झाली असेल. तिला लिहून टाक, म्हणावं आजारी नाही, घाबरू नकोस. दोनतीन दिवस खुराड्यातनं वेगळी, उघड्यावर ठेव." मी लिहिले. पुढच्या पत्रात भाचीचे उत्तर आले, की शेतीच्या सरांनीही तेच सांगितले, पण आजीने आधी सांगितले!

असो. आता मूळ मुद्द्यावर येतो.

या शाळेत चारही वर्षे मिळून मुले शंभरही नाहीत. भाचीच्या दहावीत तेवीस. सुरुवातीच्या पत्रांत तिचा सूर रडवेला होता. सगळी मुले एकमेकांना बालवाडीपासून ओळखणारी, ही एकटीच परकी. दुपारी जेवताना कोणाशेजारी बसावे हे कळत नसे. सप्टेंबरात बँडच्या शिक्षकांनी तिला बोलावले आणि क्लॅरिनेट हातात दिले. क्लॅरिनेट म्हणजे आपल्या सनईचे लांबचे भावंड. ती म्हणाली, मला येत नाही. ते म्हणाले, दोन महिन्यांत येईल, आमच्याकडे हे वाजवायला एकच मुलगी आहे.

एकच मुलगी आहे, हे वाक्य आपण लक्षात ठेवावे.

शुक्रवारी संध्याकाळी तिथे फुटबॉलचा सामना असतो. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धडका देत पळायचा, तो. गावातले एकूण एक माणूस त्याला लोटते, आपल्याकडे जत्रेच्या कुस्त्यांना लोटते तसे. या खेळात एका बाजूला अकरा गडी लागतात. पण कॅन्सस, नेब्रास्का अशा राज्यांतल्या लहान शाळांना अकरा धडधाकट मुले आणि वर राखीव गडी आणायचे कोठून? मग त्यांनी काय केले? शाळा खेळाबाहेर ठेवली नाही. खेळच लहान केला. आठ-आठ गड्यांचा फुटबॉल ही तिथली रीतसर स्पर्धा आहे. मध्यंतरात बँड मैदानात उतरतो, तेव्हा लहान शाळांतून असेही दिसते की आताच खेळून आलेला एखादा घामेजलेला गडी तशाच पोशाखात ढोल गळ्यात अडकवून उभा आहे. कारण ढोल वाजवणारा दुसरा कोणी नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस अशाच एका सामन्याला क्लॅरिनेट वाजवणारी ती दुसरी मुलगी तापाने पडली. भाचीने लिहिले, "आजी, मला अजून नीट येत नव्हतं. पण मी नसते तर क्लॅरिनेटच नसतं. मी दोनदा चुकले. नंतर सगळ्यांनी मला त्यांच्या टेबलावर जेवायला बोलावलं." पत्र वाचताना माझा आवाज जरा बदलला असावा, कारण आईने माझ्याकडे पाहिले.

आपण म्हणाल, एका मुलीच्या अनुभवावरून एवढे कशाला सांगता? म्हणून एका शास्त्रीय अभ्यासाकडे वळतो. याच कॅन्सस राज्यात ऑस्कलूसा नावाचे एक लहान गाव आहे. रॉजर बार्कर या मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये तिथे एक संशोधन केंद्र उघडले आणि ते १९७२ पर्यंत चालले. माणसांना प्रयोगशाळेत बोलावून प्रश्न विचारण्याऐवजी ती रोजच्या जीवनात काय करतात हे टिपायचे, अशी त्यांची पद्धत. पुढे बार्कर आणि पॉल गंप यांनी पूर्व कॅन्ससमधल्या हायस्कुलांची पाहणी केली. काही शाळांत जेमतेम काही डझन मुले, तर सर्वांत मोठीत दोन हजारांवर. १९६४ साली त्यावर 'बिग स्कूल, स्मॉल स्कूल' हे पुस्तक निघाले.

त्यांना काय आढळले? मोठ्या शाळेत विषय अधिक, मंडळे अधिक, खेळ अधिक. पण मुलांची संख्या ज्या पटीत वाढते त्या पटीत कामे वाढत नाहीत. शाळा दहापट मोठी झाली म्हणून नाटके दहा होत नाहीत. त्यामुळे मोठ्या शाळेत पुष्कळ मुले प्रेक्षक राहतात. लहान शाळेत मुले थोडी आणि कामे पुष्कळ, म्हणून जबाबदारीच्या जागा मुलामागे कितीतरी अधिक येतात. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अभ्यासात मागे असलेली, घरची परिस्थिती बेताची असलेली मुले मोठ्या शाळेत कडेला पडतात, त्यांना कोणी ये म्हणत नाही. लहान शाळेत मात्र त्यांनाही इतरांइतकेच वाटते, की आपण गेलो नाही तर अडेल. मोठ्या शाळेतली मुले आनंदाचे कारण सांगताना आपण काय पाहिले ते सांगत. लहान शाळेतली, आपण काय केले ते सांगत.

आता लहान शाळेचे सगळेच गोड, असे मी म्हणत नाही. रसायनशास्त्राचा शिक्षक एकच असतो आणि तो सोडून गेला तर वर्ष अडते. एखाद्या हुशार मुलाला पुढचे गणित हवे असेल तर शिकवायला कोणी नसते. खेळाडूंचे नको तितके कौतुक होते. आणि लहान गावात एकदा कपाळी बसलेला शिक्का पुसत नाही. सातवीत केलेली चूक बारावीपर्यंत आठवण करून दिली जाते. शिवाय तिथल्या शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक घरजमिनीवरच्या करातून येतो, म्हणून गाव ओसरले की शाळेचीही ओढाताण होते. १९४० च्या सुमारास अमेरिकेत शाळा चालवणारी स्थानिक मंडळे १ लाख १७ हजारांच्या आसपास होती. एकमेकांत विलीन होत होत आज ती तेरा हजारांच्या आसपास उरली आहेत. मोठी शाळा स्वस्त पडते आणि तिथे सोयी अधिक असतात, हे विलीनीकरणाचे कारण खोटे नव्हे. पण जमाखर्चाच्या वहीत क्लॅरिनेट वाजवणारी दुसरी मुलगी कोठे मांडायची, हे त्या वहीला माहीत नसते. आपल्याकडेही कमी पटाच्या शाळांचा प्रश्न वारंवार निघतो. त्याचा निकाल काय लावावा हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. मात्र निकाल लावताना ही एक बाजू तागडीत पडावी, एवढे सांगणे माझे कर्तव्य आहे.

अमेरिकेचे हे हायस्कूलही आभाळातून पडले नाही. १९१० साली तिथल्या तरुणांपैकी शेकडा नऊच्या आसपासच हायस्कूल पुरे करीत. १९४० पर्यंत हे प्रमाण शेकडा पन्नासच्या घरात गेले. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक २०२३ साली मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी या चळवळीचा अभ्यास केला आहे. तिच्यात आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस यांसारख्या शेतकरी मुलखातली लहान गावे पुढे होती. आणि गंमत पाहा, जवळजवळ त्याच वर्षांत आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील काय करीत होते? १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केले. मुलांनी हाताने काम करावे आणि शिकावे, हा त्यांचा आग्रह. दोन्हीकडच्या मंडळींनी एकमेकांचे पाहून केले असे नव्हे, पण विचार एकच. शाळा ही गावाची असावी आणि मुलाच्या हाताला तिथे काम असावे.

आता थोडे माझ्याविषयी. मी वीस वर्षे कॉलेजात शिकवीत आहे. आमच्या वाङ्मयमंडळाचे कार्यक्रम मी बसवतो. कार्यक्रम चांगला व्हावा म्हणून दरवर्षी मी दोघातिघांनाच पुढे करीत आलो. ज्यांचा आवाज चांगला, उच्चार शुद्ध, तेच सूत्रसंचालन करणार, तेच आभार मानणार. दोन वर्षांपूर्वी ऐन वेळी आभार मानणारा मुलगा आला नाही. मागच्या बाकावरच्या एकाला मी उठवले. तो घामाघूम झाला. कसेबसे चार शब्द बोलला. नंतर खोलीत येऊन म्हणाला, "सर, शाळेत असताना मला एकदाच काम मिळालं होतं. नववीच्या संमेलनात पडदा ओढायचा. तीन नाटुकल्यांत सात वेळा ओढला होता. एकदाही अडकला नाही." पाच-सहा वर्षांनंतर त्याला सात हा आकडा पाठ होता! मला माझीच लाज वाटली. तो तीन वर्षे माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याला काहीच दिले नव्हते, साधा पडदाही नव्हे.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपली विनंती आपल्या नववीसाठी आहे. दिवाळी झाली की नववीत दहावीचा पाठ काढायचा, हा पायंडा बऱ्याच ठिकाणी पडला आहे. तो वाटल्यास ठेवा. पण एक छोटी वही करा. तिच्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाचे नाव लिहा आणि नावापुढे असे एक काम लिहा, की ते त्याने केले नाही तर खरोखर अडेल. रोपांना पाणी, पेटीवाचनालयाची नोंद, खो-खोच्या मैदानाची आखणी, परिपाठातली बातमी, पर्जन्यमापकातला पाऊस मोजून फळ्यावर लिहिणे. साठ मुलांच्या वर्गात साठ कामे शोधणे कठीण आहे, हे मी जाणतो. म्हणूनच त्याला शिक्षकाची बुद्धी लागते. अकरांचा खेळ आठांचा करणारी माणसे आपल्याहून फार शहाणी होती असे नाही. आपली मुले बाहेर राहू नयेत, एवढेच त्यांना वाटले. आणि काम बिघडले तर? दोनदा चुकेल. क्लॅरिनेटही दोनदा चुकले होते.

पालकांनाही एक सांगणे. मुलगा संमेलनासाठी थांबतो, मुलगी कबड्डीला जाते, म्हणून वर्ष बुडाले असे धरू नका. माझी आई सुरुवातीला प्रत्येक पत्र ऐकून एकच विचारी, "बँड झाला, कोंबड्या झाल्या, ही अभ्यास कधी करते?"

शेवटचे पत्र मे महिन्यात आले. वर्षअखेरीस तिथे अकरावी-बारावीच्या मुलांचा एक मोठा समारंभ असतो, जेवण आणि नाच. काही लहान शाळांतून त्या जेवणात वाढण्याचे काम दहावीच्या मुलांकडे असते. भाचीने लिहिले, "आजी, मी वाढपी होते. पाणी वाढलं, भाकरीसारखे पाव वाढले. एकाही पाहुण्याचा पेला रिकामा राहू दिला नाही. पुढच्या वर्षी आम्ही बसणार आणि आताचे नववीवाले वाढणार."

मी कागदाची घडी केली. यावेळी आईने अभ्यासाचे काही विचारले नाही. ती म्हणाली, "पंगतीत बसणं कुणालाही येतं. वाढायला आलं म्हणजे पोर मोठी झाली."

श्रोतेहो, आपल्या नववीच्या मुलांना या वर्षी वाढायला द्या. पुढच्या वर्षी ती परीक्षेच्या पाटावर बसणारच आहेत.